मराठी लिहिणाऱ्या हातांचे शॉर्टकट

दिवसभर मराठीत टंकणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. वाक्याला हात घालण्याआधी त्याची नजर एकदा स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात जाऊन येते. कीबोर्ड आत्ता मराठी आहे की इंग्रजी, हे बघायला. बघायचं राहिलं तर पहिला शब्द भलत्याच लिपीत उमटतो. मग तो खोडा, भाषा बदला, पुन्हा लिहा. तोवर मनात जुळलेलं वाक्य निम्मं निसटलेलं असतं.

शॉर्टकटचा विषय निघाला की लोक वाचलेल्या सेकंदांचा हिशेब मांडतात. मला त्या हिशेबाचं फार अप्रूप नाही. मजकुरावरची नजर न हलता काम झालं पाहिजे, ही माझी अपेक्षा. त्यामुळे कसोटीही एकच लावतो: बटण दाबायच्या आधी काही बघून घ्यावं लागतं का? लागत असेल तर तो शॉर्टकट कच्चा आहे.

या कसोटीवर पहिल्यांदा नापास होतो तो भाषा बदलण्याचा नेहमीचाच शॉर्टकट. विंडोजमध्ये डावं ऑल्ट आणि शिफ्ट, किंवा विंडोजचं बटण आणि स्पेसबार. दोन्हींचं काम 'पुढच्या भाषेवर जा' एवढंच, आणि पुढची कोणती ते आत्ताच्या भाषेवर ठरतं. यादीत इंग्रजीचे दोन प्रकार, मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची सरकारमान्य बटणरचना) आणि २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच मिळणारं मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार टंकून मराठी देणारं) असे चार कीबोर्ड असले, की हवा तो सापडेपर्यंत बटण दाबत राहायचं आणि कोपऱ्यात बघत राहायचं. शिवाय ऑल्ट-शिफ्ट चुकून दाबलं जाणं फार सोपं. भाषा आपोआप बदलते अशी तक्रार ऐकू आली की पहिला संशय याच जोडीवर घ्यावा.

उपाय विंडोजमध्येच आहे, फक्त खोल दडलेला. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, तिथून टाइम अँड लँग्वेज, मग टायपिंग, मग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, आणि त्या पानावर 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' असा दुवा. तो दाबला की जुन्या धाटणीची एक छोटी खिडकी उघडते. तिच्या यादीत पहिली ओळ भाषांमध्ये आलटून-पालटून जाण्याची असते, आणि खाली प्रत्येक कीबोर्डासाठी स्वतंत्र ओळ असते. या खालच्या ओळींकडे सहसा कुणी फिरकत नाही. इंग्रजीची ओळ निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबा, चौकटीत खूण करा आणि डावं ऑल्ट, शिफ्ट आणि १ असं ठरवा. मराठीला तेच, पण २. मग पहिल्या ओळीवर जाऊन आलटून-पालटून जाणारी जोडी 'नॉट असाइन्ड' करून टाका. आता २ म्हणजे मराठी, आधी काहीही चालू असो. आधीच मराठी असेल तर काहीच होणार नाही, आणि तेच हवं आहे. शंका आली तर कोपऱ्यात न बघता पुन्हा एकदा २ दाबायचं.

इथे कंट्रोल-शिफ्ट आणि आकडा असाही पर्याय दिसतो. तो घेऊ नये. एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-१ ने आकड्याला दोन दशांश स्थळं लागतात, कंट्रोल-शिफ्ट-२ ने वेळेचं स्वरूप येतं. हिशेबाचं काम करणाऱ्यांची ही रोजची बटणं. कंट्रोल-शिफ्ट-० ची गंमत तर जुनीच आहे: लपवलेले कॉलम उघडण्यासाठी एक्सेलने ते बटण ठेवलेलं, पण कीबोर्ड बदलण्यासाठी विंडोजच ते आधी उचलतं आणि एक्सेलपर्यंत पोहोचूच देत नाही. लोक एक्सेल बिघडलं समजून ते पुन्हा बसवतात.

जो कीबोर्ड लागत नाही तो यादीतून काढून टाकणं हे मात्र कुठल्याही शॉर्टकटआधीचं काम. मॅकवर तर ते जास्तच गरजेचं, कारण तिथे ठरावीक भाषेवर थेट नेणारा शॉर्टकट सेटिंग्जमध्ये मिळत नाही; मागची आणि पुढची एवढेच दोन पर्याय. दोनच कीबोर्ड ठेवले आणि कॅप्स लॉकने इंग्रजीवर ये-जा करण्याची खूण चालू केली, की निभावून जातं.

आता दुसरी अडचण, आणि ही समजून घेतली की पुढच्या निम्म्या अडचणी आधीच टळतात. विंडोजच्या लेखी कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबणं हे उजव्या ऑल्टसारखंच असतं, जर चालू कीबोर्डात उजव्या ऑल्टला वेगळं काम दिलेलं असेल तर. 'इंग्लिश (इंडिया)' या कीबोर्डात तसं दिलेलं आहे. उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतो, आणि कंट्रोल-ऑल्ट-४ दाबलं तरीही ₹ च उमटतो. वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-१, २ आणि ३ यांना पहिल्या तीन पातळ्यांची शीर्षकं आधीच दिलेली आहेत. अहवाल लिहिणाऱ्याला चौथी पातळी लागते, तेव्हा तो अगदी तर्काला धरून कंट्रोल-ऑल्ट-४ वर चौथं शीर्षक बसवतो. त्या दिवसापासून वर्डमध्ये रुपयाचं चिन्ह टंकायला गेलं की चालू परिच्छेदाचं शीर्षक होतं. ब्राउझरमध्ये ₹ व्यवस्थित येतो, नोटपॅडमध्ये येतो, फक्त वर्डमध्ये नाही. मग दोष फॉन्टला दिला जातो, कीबोर्डला दिला जातो. आठवड्यापूर्वी आपणच केलेल्या बदलाची आठवण कुणालाच येत नाही.

दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, आणि खिडकीच्या तळाशी 'कीबोर्ड शॉर्टकट्स' समोरचं कस्टमाइझ बटण. डाव्या यादीत स्टाइल्स, उजवीकडे चौथं शीर्षक. 'करंट कीज' मध्ये आपली जोडी दिसेल, ती निवडून 'रिमूव्ह'. शेजारचं 'रिसेट ऑल' मोहात पाडतं, पण त्याने आजवर जमवलेले सगळेच शॉर्टकट जातात. नवीन शॉर्टकट देतानाही याच खिडकीत यायचं असतं, आणि तेव्हा एक ओळ वाचल्याशिवाय 'असाइन' दाबू नये: बटणं दाबून दाखवली की खाली 'करंटली असाइन्ड टू' असं येतं. तिथे एखाद्या कामाचं नाव दिसलं तर आपण ते काम हिसकावून घेतोय. मात्र या ओळीला फक्त वर्डचं माहीत असतं. तिथे 'अनअसाइन्ड' दिसलं म्हणजे विंडोजमध्ये किंवा कीबोर्डात ती जोडी मोकळी आहे असं नाही. कंट्रोल-ऑल्ट-४ समोरही तिथे 'अनअसाइन्ड'च दिसतं.

म्हणून शॉर्टकट ठरवण्याआधी मोकळी जागा शोधायला लागते, आणि ती वाटते त्याहून बरीच कमी आहे. विंडोजचं बटण आणि अक्षर या बहुतेक जोड्या विंडोजने घेतलेल्या. कंट्रोल आणि अक्षर प्रत्येक प्रोग्रामने घेतलेल्या. कंट्रोल-शिफ्ट ब्राउझरच्या ताब्यात. कंट्रोल-ऑल्टची कथा वर आलीच, त्यात ग्राफिक्सच्या काही जुन्या ड्रायव्हरांनी कंट्रोल-ऑल्ट आणि बाणांची बटणं स्क्रीन फिरवायला वापरलेली. स्क्रीन उलटी झाली म्हणून मॉनिटर उलटा करून बसलेला माणूस ही अतिशयोक्ती नव्हे. आणि जिथे दोन प्रोग्राम सगळ्या खिडक्यांत चालणारी एकच जोडी मागतात, तिथे विंडोज सहसा जो आधी चालू झाला त्याला ती देतं. काल चालत होतं आणि आज चालत नाही, या तक्रारीचं मूळ पुष्कळदा एवढंच असतं: आज प्रोग्राम वेगळ्या क्रमाने चालू झाले.

माझं मत कॅप्स लॉकच्या बाजूने आहे. डाव्या करंगळीच्या अगदी शेजारचं, ऐसपैस बटण, आणि देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसल्याने मराठी लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य. ते शॉर्टकटचं बटण केलं की पूर्ण कीबोर्ड मोकळा मिळतो आणि कुणाशीही भांडण होत नाही. यासाठी ऑटोहॉटकी नावाचा, कोणत्या बटणांनी कोणतं काम व्हावं हे एका फाइलमध्ये लिहून ठरवू देणारा, फुकट प्रोग्राम लागतो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्येही कीबोर्ड मॅनेजर आहे आणि एका बटणाच्या जागी दुसरं बसवायला तो छान आहे. पण त्यात जोडीची सुरुवात कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट किंवा विंडोज यांपैकीच एखाद्याने करावी लागते, आणि विंडोज-एल व कंट्रोल-ऑल्ट-डिलीट त्याला बदलता येत नाहीत. शिवाय एखादा बदल एकाच प्रोग्रामपुरता हवा असेल तर तिथे प्रोग्रामचं दिसणारं नाव चालत नाही, टास्क मॅनेजरमध्ये दिसतं ते प्रोसेसचं नाव द्यावं लागतं.

ऑटोहॉटकीची फाइल म्हणजे साधा मजकूर. त्यात ^ म्हणजे कंट्रोल, ! म्हणजे ऑल्ट, + म्हणजे शिफ्ट, # म्हणजे विंडोजचं बटण. पुढे अक्षर, मग दोन कोलन, मग करायचं काम. कॅप्स लॉकसाठी मात्र त्याचं पूर्ण नाव, मग &, मग अक्षर असं लिहायचं, आणि फाइलच्या सुरुवातीला कॅप्स लॉकची स्थिती कायम बंद ठेवण्याची एक ओळ घालायची. ती विसरली तर इंग्रजी लिहिताना अधूनमधून सगळी अक्षरं मोठी येतात. सध्याची आवृत्ती २ आहे, आणि तिचं व्याकरण पहिल्या आवृत्तीहून वेगळं आहे: पाठवायचा मजकूर आता अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. इंटरनेटवरून उचललेली जुनी ओळ चालत नाही त्याचं कारण बहुधा हेच.

मराठी मजकूर फाइलमध्ये थेट लिहिणार असाल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी अक्षरं नीट साठवणाऱ्या पद्धतीत, जतन करा. दुसऱ्या आवृत्तीला तेवढं पुरतं. पहिली आवृत्ती वापरणाऱ्यांनी 'यूटीएफ-८ विथ बीओएम' निवडायला हवं, नाहीतर 'महोदय' च्या जागी खुणांचा कचरा उमटतो. एकेका अक्षरासाठी तर ही काळजीच नको: महिरपी कंसात यू, अधिकचिन्ह आणि त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक (युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) इंग्रजी आकड्यांत दिला की काम झालं.

कोणती अक्षरं? मराठीला ज्यांची सतत गरज पडते आणि जी धड सापडत नाहीत, ती. सगळ्यात पहिलं ॲ. ॲप, ॲसिड, ॲल्युमिनियम. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, क्रमांक ०९७२. त्याआधीच्या इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-१ वर ऍ आहे, जे हिंदीचं वळण, आणि शिफ्ट-२ वर नुसता ॅ. त्यामुळे आजही कुणी ऍप लिहितो, कुणी अ ला ॅ जोडून अॅप, कुणी ॲप. शेवटची दोन रूपं पुष्कळ फॉन्टांत डोळ्यांना सारखीच दिसतात. संगणकाला ती वेगळी आहेत. दोनशे पानांच्या दस्तऐवजात एक शोधलं की दुसरं सापडत नाही, अनुक्रमणिकेत एकच शब्द दोनदा येतो, शब्दकोशाच्या यादीत दोन नोंदी होतात. आपल्या मजकुरात काय आहे ते तपासायचं असेल तर वर्डमध्ये त्या अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा. अक्षराच्या जागी क्रमांक येतो. ०९७२ दिसलं तर ठीक. ०९४५ दिसलं तर ते जोडकाम आहे. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत येतं. याच युक्तीने, काहीही न बसवता, क्रमांक लिहून अक्षर आणताही येतं, लिबरऑफिसमध्येसुद्धा. पण त्यासाठी इंग्रजी कीबोर्डवर जाऊन यावं लागतं, म्हणून अधूनमधूनच्या गरजेला ते ठीक. रोजच्यासाठी कॅप्स लॉक आणि डी वर ॲ बसवावा. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-डी वर अ आहेच, त्यामुळे बोटाला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

दऱ्या, तऱ्हा, वऱ्हाड, कुऱ्हाड यांतल्या आडव्या र साठी शॉर्टकट करू नका, असं मी मुद्दाम सांगेन. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे ने ऱ येतो, मग डी ने पाय मोडायचा, मग य किंवा ह. तीन बटणांत काम होतं. काही जण साध्या र चा पाय मोडून पुढे २००डी क्रमांकाचं अदृश्य जोडचिन्ह घालणारा शॉर्टकट करतात. दिसायला तेच दिसतं, पण आत वेगळं असतं, आणि शोधाशोधीचा ॲ सारखाच घोटाळा इथेही सुरू होतो. ऱ वापरून केलेलं रूप युनिकोडने मराठीसाठी सांगितलेलं आहे, तेच ठेवावं. अदृश्य चिन्हांपैकी २००सी मात्र कधीतरी लागतं, वाङ्‌मय मधला ङ आणि म वेगळे दाखवायला. ते बोटाच्या वाटेवरच्या बटणावर ठेवू नये. चुकून दोनदा पडलं तरी स्क्रीनवर काहीच फरक दिसत नाही, आणि मग तो शब्द शोधात का येत नाही हे कळायला मार्ग उरत नाही.

अक्षरांनंतर येतात वाक्यं. सरकारी-निमसरकारी पत्रव्यवहारात 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की' हे दिवसातून कितीतरी वेळा लिहावं लागतं. ते शॉर्टकटवर घेताना बटण निवडावं ते मराठी अक्षराच्या जागेवरून: जावक क्रमांकाची ओळ पी वर, कारण तिथे ज आहे, महोदयची सी वर, कारण तिथे म आहे. इन्स्क्रिप्टचा हात बसलेल्याला इंग्रजी आद्याक्षर आठवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं. रेमिंग्टन या जुन्या टंकलेखन यंत्राच्या रचनेवर शिकलेल्यांनी आपल्या जागा धराव्यात. दोन्ही पद्धती एका फाइलमध्ये मिसळू नयेत.

लांब मजकूर अक्षर-अक्षर करून पाठवला तर तो डोळ्यांसमोर टपटप पडतो, आणि मध्येच एखादं बटण दाबलं गेलं तर विस्कटतो. म्हणून तो क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं तात्पुरतं जिथे राहतं तिथे) ठेवून कंट्रोल-व्ही करायचा आणि आधी क्लिपबोर्डवर असलेलं परत तिथे ठेवायचं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे परत ठेवण्याची घाई. वर्ड चिकटवायला क्षणभर घेतं. तेवढ्यात जुना मजकूर परत आला तर पत्रात तोच चिकटतो. दोन्हींच्या मध्ये २०० ते ३०० मिलिसेकंद थांबण्याची ओळ घाला. तारखेचंही असंच एक बारीक काम आहे. ऑटोहॉटकी आजची तारीख देते ती इंग्रजी आकड्यांत. देवनागरी शून्याचा क्रमांक ०९६६ आणि नवाचा ०९६एफ, सलग दहा. प्रत्येक आकडा ०९६६ मध्ये मिळवून त्या क्रमांकाचं अक्षर मागितलं की १५/०८/२०२५ असं रूप मिळतं. पासवर्ड मात्र या फाइलमध्ये चुकूनही नको. ती कुणालाही उघडून वाचता येते.

अनेक कार्यालयांत काही बसवायची परवानगीच नसते, आणि ते नियम पाळलेच पाहिजेत. तिथे वर्ड आणि एक्सेलच्या वरच्या पट्टीतली क्विक ॲक्सेस टूलबार पुरेशी आहे. तिच्यात टाकलेल्या पहिल्या नऊ कामांना डावीकडून ऑल्ट-१ ते ऑल्ट-९ हे शॉर्टकट आपोआप मिळतात. 'पेस्ट व्हॅल्यूज' पहिलं ठेवावं, कारण सूत्रांऐवजी नुसते आकडे चिकटवणं एक्सेलमध्ये सारखं लागतं. क्रम एकदा ठरवला की मोडू नये. मधलं एक काढलं की पुढच्या सगळ्यांचे आकडे सरकतात आणि सवयीचं बोट भलतंच काम करून बसतं. एक्सेलमध्ये मॅक्रोलाही (आधी नोंदवून ठेवलेल्या, एका फटक्यात चालणाऱ्या कामांच्या मालिकेला) कंट्रोल आणि अक्षर देता येतं, पण ते सांभाळून. कंट्रोल-सी दिलं तर ती फाइल उघडी असेपर्यंत नेहमीची कॉपी बंद. आणि मॅक्रोने पानात बदल केला की त्याआधीची अनडूची यादी पुसली जाते, कंट्रोल-झेडने मागे जाता येत नाही. म्हणून मॅक्रोला शिफ्टसह जोडी द्यावी, आणि काही पुसणाऱ्या मॅक्रोला जोडी देऊच नये.

सगळं नीट करूनही एखादा शॉर्टकट एखाद्या ठिकाणी गप्प बसतो. प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेला असेल तर साध्या हक्कांनी चालणाऱ्या ऑटोहॉटकीला विंडोज त्याच्या खिडकीत हात घालू देत नाही. वेबवरच्या काही सेवा एकेका इंग्रजी अक्षराचे शॉर्टकट देतात. त्यांतल्या काही बटणाची जागा बघतात, काही बटणातून निघालेलं अक्षर बघतात. दुसऱ्या प्रकारच्या सेवेला मराठी कीबोर्ड चालू असताना 'जे' हे बटण दाबलं की र मिळतो, आणि र चं काय करायचं हे तिला ठाऊक नसतं. तिथे ऑल्ट-शिफ्ट-१ दाबून इंग्रजीवर यायचं, एवढाच मार्ग. लिनक्सवर ग्नोम या डेस्कटॉपमध्ये स्वतःचा शॉर्टकट देताना आज्ञेत पाइप (|, एका आज्ञेचं उत्तर दुसरीला देणारी खूण) किंवा घराच्या फोल्डरची लाटेसारखी खूण (~) वापरली तर काहीच होत नाही, कारण ती आज्ञा शेलमधून, म्हणजे अशा खुणांचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्राममधून, जात नाही. आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवून तिचा पूर्ण पत्ता द्यावा.

एकदम वीस शॉर्टकट करू नयेत. हात कशासाठी माउसकडे जातो ते दोन-तीन दिवस कागदावर टिपावं, सगळ्यात जास्त खुणा ज्या कामापुढे पडतील ती दोन कामं घ्यावीत, आणि ती बोटांत बसल्यावर पुढची दोन. महिन्याने जो शॉर्टकट एकदाही वापरला गेला नाही तो काढून ती जागा मोकळी करावी.

आणि हे सगळं कुठे साठतं ते माहीत असू द्या. वर्डचे शॉर्टकट सहसा 'नॉर्मल डॉट डीओटीएम' या फाइलमध्ये असतात, ॲपडेटाच्या आतल्या मायक्रोसॉफ्ट आणि त्यातल्या टेम्प्लेट्स या फोल्डरमध्ये. नव्या संगणकावर ती नेताना दोन्हीकडे वर्ड बंद असायला हवं, नाहीतर बंद होताना वर्ड तिच्यावर आपली जुनी प्रत लिहून ठेवू शकतं. ऑटोहॉटकीच्या फाइलचा शॉर्टकट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकावा, म्हणजे संगणक सुरू झाला की ती आपणहून चालू होते. भाषेच्या बटणांचं सेटिंग मात्र प्रत्येक संगणकावर, प्रत्येक खात्यात नव्याने करावं लागतं.